दोन गाड्यांच्या मध्ये एक राजधानी

पुरीला निघालेला असो, कोलकात्याला निघालेला असो, की राउरकेल्याला नोकरीवर असलेल्या मुलीकडे चाललेला असो, महाराष्ट्रातला प्रवासी छत्तीसगड बहुधा खिडकीतूनच पाहतो. गोंदिया मागे पडते, डोंगरगडच्या टेकडीवरचे बमलेश्वरीचे देऊळ दिसले की हात जोडले जातात, डब्यातल्या दशम्या संपतात आणि मंडळी वरच्या बर्थवर चढतात. जाग येते तेव्हा बिलासपूर आलेले असते. मधली राजनांदगाव, दुर्ग-भिलाई आणि रायपूर ही गावे त्यांच्या लेखी केवळ पिवळ्या पाट्या असतात. रायपूरला पाहण्यासारखे काय आहे, असे नागपुरात कुणाला विचारले तर उत्तर मिळते, "तांदूळ आणि लोखंड!" उत्तर खोटे नाही. पण त्या दोन शब्दांत पाहण्यासारखे बरेच काही दडलेले आहे आणि त्यातले थोडेथोडके आपलेही आहे.

१ नोव्हेंबर २००० रोजी मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे निघाले आणि रायपूर राजधानी झाले. तेव्हापासून पंचवीस वर्षे उलटली, तरी मराठी कुटुंबांच्या सहलींच्या यादीत या राजधानीचे नाव क्वचितच येते. खास रजा काढून आठ दिवस राहावे असे हे ठिकाण नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पण पुढची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची असेल, सोबत आजी-आजोबा आणि मुले असतील आणि हंगाम थंडीचा असेल, तर दुर्ग ते रायपूर या ३७ किलोमीटरच्या पट्ट्यात दीड दिवस फार चांगला जातो.

हंगाम मात्र थंडीचाच हवा. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत मात्र सकाळी १२-१३ अंशांचा सुखद गारवा असतो, दुपारी ऊन अंगावर घ्यावेसे वाटते आणि संध्याकाळी शाल पुरते. गाडीतून दिसणारी भाताची खाचरे तोवर कापून झालेली असतात. पण ती उघडी पडलेली नसतात. भात उभा असतानाच ओल्या मातीत लाखोळी फेकून देण्याची इथे जुनी रीत आहे. तिला 'उतेरा' म्हणतात. भात कापला की खालून हा हिरवा गालिचा वर येतो. विदर्भातल्या वाचकांना लाखोळीची डाळ ठाऊक असते, पण तिच्या कोवळ्या पाल्याची 'तिवरा भाजी' खावी ती छत्तीसगडात, आणि तीही याच दिवसांत.

दुर्ग : जिथे फौजा उतरल्या

रायपूर पाहायचे तर दुर्गला का उतरायचे, असा प्रश्न पडेल. एक कारण अगदी व्यवहारी आहे. मुंबई-हावडा मार्गावरचे हे मोठे स्टेशन असून अनेक गाड्या इथूनच सुटतात आणि इथेच संपतात. पुढच्या प्रवासाला सुरुवातीच्या स्टेशनातून चढणे म्हाताऱ्या माणसांना आणि बोचक्यांना सोयीचे पडते. रायपूरला जायला लोकल गाड्या आहेत, रस्ताही सरळ आहे. शिवाय एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला गाडी पकडली तर एकच रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही.

दुसरे कारण इतिहासाचे. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले, तेव्हा वाटेत त्यांनी छत्तीसगड घेतले. त्या वेळी मराठी फौजांचा तळ दुर्गच्या उंचवट्यावर होता. तिथल्या जुन्या मातीच्या किल्ल्यावरूनच गावाला नाव पडले. आज किल्ला म्हणून दाखवायला फारसे काही उरलेले नाही, त्यामुळे तो शोधण्यात मुलांना दमवू नये. गावकरी आपल्या गावाला लाडाने 'दुरुग' म्हणतात. इंग्रजांनी मात्र आपल्या लिपीत त्याचे स्पेलिंग असे काही केले, की जुन्या कागदपत्रांत ते 'ड्रग' वाचले जाते! १९०६ साली जिल्हा झाला तोही याच नावाने. पश्चिमेला शिवनाथ नदी वाहते. सकाळी तिच्या पुलावर उभे राहिले तर पाण्यावरून धुके उठताना दिसते.

ज्यांना साहित्याची ओढ आहे त्यांनी नागपूरहून येताना आणखी तीस किलोमीटर अलीकडेच, राजनांदगावला, दोन तास काढावेत. गजानन माधव मुक्तिबोध १९५८पासून तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवत होते. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाने हिंदी कवितेला नवे वळण दिले, तर त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी म्हणून गाजले. एकाच घरात दोन भाषांचे दोन मोठे कवी! महाविद्यालयाच्या परिसरात तलावाकाठी मुक्तिबोधांचे स्मारक-संग्रहालय आहे. १९६४ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आतच, ते गेले.

भिलाई : पोलादाची सावली

दुर्ग आणि भिलाई यांच्यामध्ये रिकामी जागा अशी नाहीच. पण एका गावातून दुसऱ्यात शिरल्याचे लगेच कळते, कारण रस्ते एकदम रुंद होतात आणि दोन्ही बाजूंनी मोठाली झाडे सुरू होतात. सेक्टर एक, सेक्टर दोन, सेक्टर सहा अशी वसाहतींची नावे. बसक्या क्वार्टरांच्या रांगा, प्रत्येकीपुढे परसबाग, आंब्या-जांभळाची झाडे, शाळा, मैदान, दवाखाना. १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा इथे भाताची शेते आणि खेडी होती. चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरातून येणारे लोहखनिज इथे वितळवले जाते आणि त्यातून इतर मालाबरोबर रेल्वेचे रूळ बनतात. देशातल्या रुळांचा मोठा वाटा गेली कित्येक दशके या एका कारखान्याचा आहे. म्हणजे ज्या रुळांवरून प्रवासी इथवर आला, ते बहुधा इथलेच. ही गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावी, म्हणजे कारखान्याच्या धुराड्यांकडे ती निराळ्या कुतूहलाने पाहतात. कारखाना आतून पाहायला आगाऊ परवानगी लागते आणि ती ऐन वेळी मिळत नाही.

कुटुंबासह जाणाऱ्यांसाठी 'मैत्री बाग' ही इथली हक्काची जागा. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली पोलाद कारखान्याने हे प्राणिसंग्रहालय आणि उद्यान उभारले. सोव्हिएत संघ १९९१ साली इतिहासजमा झाला, पण मैत्री बाग आहे. इथले पांढरे वाघ प्रसिद्ध आहेत. थंडीत सकाळच्या उन्हाला ते बाहेर येऊन पसरतात, म्हणून बाग उघडताच जावे. दुपारच्या जेवणानंतर गेल्यास वाघ आणि पर्यटक दोघेही पेंगुळलेले असतात.

पण भिलाई ही केवळ बागेची आणि झाडांची गोष्ट नाही. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९०च्या दशकापासून इथे राहून कामगारांच्या जगण्याचा अभ्यास केला. कारखाना उभा राहत असताना भोवतालच्या खेड्यांत त्याची केवढी धास्ती होती, याची त्यांनी नोंद केली आहे. भट्ट्यांसाठी नरबळी दिले जातात, अशा अफवा होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यापैकी अनेकांना सुरुवातीला कारखान्यातली नोकरीही नको होती. पुढे तीच नोकरी साऱ्या पंचक्रोशीचे स्वप्न बनली. केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, बिहार, महाराष्ट्र अशा चहूबाजूंनी माणसे आली. विदर्भातली कितीतरी मुले दहावी-आयटीआय करून इथे रुजू झाली, इथेच त्यांचे संसार झाले, गणपती बसले, मुलांची लग्नेही झाली.

आज अडचण वेगळीच आहे. यंत्रे सुधारली तशी माणसे कमी लागू लागली. कायम कामगारांची संख्या एके काळच्या मानाने फारच रोडावली आहे आणि कंत्राटी कामगार वाढले आहेत. सेक्टरांतून फिरताना काही रांगा भरलेल्या दिसतात, तर काही ठिकाणी कुलपे, पडक्या कुंपणाच्या भिंती आणि कुणीही न उतरवलेले आंबे. क्वार्टर हे नोकरीबरोबर मिळते आणि सेवानिवृत्तीनंतर सोडावे लागते. चाळीस वर्षे ज्या अंगणात तुळस लावली, ते अंगण आपले नव्हते हे त्या दिवशी कळते. गावाकडचे घर भावांच्या वाट्याला गेलेले, मुले पुण्या-बंगळुरास. अशा वेळी कुणी दुर्गला जागा घेतो, कुणी रायपूरला फ्लॅट बघतो, कुणी विदर्भात परत जातो. पण तिथे त्याला 'भिलाईवाले' म्हणूनच ओळखतात.

शहराने रक्तही पाहिले आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणकामगारांना संघटित करणारे, दारूबंदीची मोहीम चालवणारे आणि मजुरांच्याच पैशांतून 'शहीद हॉस्पिटल' उभे करणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे भिलाईतल्या घरात, झोपेत असताना, गोळी घालून हत्या झाली. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कारखान्यात वायुवाहिनीचा स्फोट होऊन दहाहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. सहलीला आलेल्यांनी हे सारे मनावर घेऊन फिरावे असे नाही, पण एवढे माहीत असले म्हणजे रस्त्याच्या कडेने सायकलवरून पाळीला निघालेला माणूस नुसता देखाव्याचा भाग वाटत नाही.

भिलाईजवळच्या गनियारी गावात तीजनबाईंचा जन्म झाला. महाभारतातल्या कथा गाऊन सांगण्याची छत्तीसगडची रीत म्हणजे पंडवानी. बायकांनी ती बसून गावी, अशी पद्धत होती. तीजनबाई हातात मोरपीस लावलेला तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या. तोच तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचे धनुष्य. तेराव्या वर्षी त्यांनी पहिला कार्यक्रम केला, तेव्हा त्यांच्या समाजाने त्यांना बाहेर काढले होते. २०१९ साली त्याच तीजनबाईंना पद्मविभूषण मिळाले. पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली होती. पंडवानीची तिकिटे काढून कार्यक्रम बघावा अशी सोय रोज नसते, पण हिवाळ्यात मेळे-मडई असतात आणि स्थानिक वर्तमानपत्र चाळले तर जवळपास कुठेतरी पंडवानी किंवा नाचा यांचा फड असतोच.

भिलाईहून रायपूरकडे जाताना चरोद्याजवळ देवबलोदा म्हणून गाव लागते. तिथले कलचुरी काळातले शिवमंदिर साधारण तेराव्या शतकातले. भिंतींवर नर्तक, शिकारी, हत्ती यांच्या पट्ट्या कोरल्या आहेत, पण शिखर अपुरे आहे. असे का, तर मंदिर घडवणारा कारागीर निर्वस्त्र होऊन काम करी, एके दिवशी बायकोऐवजी बहीण जेवण घेऊन आली, तिला पाहताच लाजून त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली आणि काम तिथेच थांबले, असे गावकरी सांगतात. अर्ध्या तासाचे ठिकाण. कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, मुलांचे हात धरावेत.

रायपूर : तळी, मठ आणि छापखाना

रायपूरचे पहिले दर्शन निराश करते. उड्डाणपूल, मोटारींच्या शोरूम, मोठमोठे फलक, सगळ्या वाढत्या शहरांत असते तेच. खरे रायपूर पाहायचे तर जुन्या वस्तीत शिरावे आणि तळ्यांच्या मागाने हिंडावे. छत्तीसगड हा मुळी तळ्यांचा मुलूख. पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवायचे तर दुसरा मार्गच नव्हता. त्यामुळे प्रत्येक गावाला एक तरी तळे आणि मोठ्या गावाला अनेक. रायपूरमध्येही अशी पुष्कळ तळी होती. त्यांतली कित्येक बुजून त्यांच्यावर बाजार आणि वसाहती उभ्या राहिल्या. जी उरली त्यांचे आता सुशोभीकरण चालले आहे. तेलीबांधा तळ्याच्या काठाला तर लोक 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. मुंबईकराने हे ऐकून हसू दाबावे, कारण संध्याकाळी तिथे वाहणारा गारवा आणि भाजलेल्या शेंगांचा वास दोन्ही अस्सल असतात. काठ सुंदर झाला आणि पाणी मात्र कोंडले, असे तळ्यांचे होऊ नये एवढीच इच्छा.

सगळ्यांत मोठा मान बूढ्या तळ्याचा. त्याला आता विवेकानंद सरोवर म्हणतात आणि मधोमध स्वामीजींचा ध्यानस्थ पुतळा आहे. नाव उगाच दिलेले नाही. १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आपल्या आईबरोबर आणि भावंडांबरोबर कलकत्त्याहून इथे आला. वडील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला होते. त्या वेळी रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा पंधरवड्याहून अधिक प्रवास घनदाट जंगलातून बैलगाडीने झाला. वाटेत डोंगराच्या कपारीत लोंबणारे भले मोठे मधाचे पोळे पाहून तो मुलगा काही वेळ भान हरपून बसला, असे त्यांच्या चरित्रात आहे. रायपूरला शाळा नव्हती म्हणून वडीलच शिकवत. दोनेक वर्षे हे कुटुंब तळ्याजवळच्या बूढापाऱ्यात राहिले. त्या मुलाला पंधरा दिवस लागले ते अंतर आता 'वंदे भारत' चार तासांच्या आतबाहेर कापते, पण मधाचे पोळे बघायला कुणाला सवड आहे?

बूढापारा, ब्राह्मणपारा, पुरानी बस्ती या भागांत फिरताना एखाद्या दारावर मराठी आडनावाची पाटी दिसली तर आश्चर्य वाटू नये. रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी १७५८पासून १७८७पर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतरही मराठी कारकून, शिलेदार, भिक्षुक इकडे आले आणि स्थिरावले. दसऱ्याला सोने वाटण्याची रीत इकडे बिंबाजींनी आणली असे इथले लोक सांगतात. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांनीच बांधले. रायपूरच्या मठपाऱ्यातला दूधाधारी मठ सतराव्या शतकातला. फक्त दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्याचे नाव पडले. तिथे भोसलेकाळातली चित्रे भिंतींवर आहेत. ती जरूर पाहावीत. गर्दी नसते, पुजारी आपणहून माहिती देतात.

मात्र मराठी माणसाने इथे केवळ अभिमान मिरवायला जाऊ नये. बिंबाजींनंतर नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. १७८७ ते १८१८ या त्यांच्या कारकिर्दीला इथली इतिहासाची पुस्तके पिळवणुकीचा काळ म्हणतात. सारा वाढला, रयत गांजली आणि पैसा नागपूरला गेला. बंगालमध्ये भास्करपंतांच्या स्वारांची दहशत जशी लक्षात राहिली, तशीच इकडे सुभेदारांची वसुली. १८१८ साली इंग्रज अधीक्षकांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, म्हणजे रायपूर राजधानीच्या मार्गाला लागले ते तेव्हापासून. १८५४ साली नागपूरबरोबर हा मुलूखही इंग्रजांनी खालसा केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, १० डिसेंबर १८५७ रोजी, सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना रायपुरात फाशी देण्यात आले. १८५६च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून त्यांनी ते उपाशी रयतेला वाटले होते. जयस्तंभ चौकातून रिक्षाने जाताना हे आठवावे.

लेखणीचे नाते मात्र निर्मळ आहे. माधवराव सप्रे हे नाव महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नसते, पण हिंदी पत्रकारितेच्या आद्य पुरुषांत ते गणले जातात. जानेवारी १९००मध्ये त्यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. त्या मासिकामागे रायपूरचे वामनराव लाखेही उभे होते. मासिक तीन वर्षांतच बंद पडले, पण सप्रे थांबले नाहीत. पुढे नागपूरहून त्यांनी 'हिंदी केसरी' काढला. समर्थांचा 'दासबोध' आणि लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदी वाचकांच्या हाती पडले ते त्यांच्या अनुवादांमुळे. १९२६ साली रायपूरलाच त्यांचे निधन झाले. बूढापाऱ्यातली एक जुनी शाळा त्यांच्या नावाने आहे आणि लाखेनगर ही वस्ती वामनरावांच्या. मराठी माणसांनी दुसऱ्या मुलखात जाऊन त्या मुलखाची भाषा मोठी केली, याचे हे उदाहरण आपल्या शालेय पुस्तकांत का असू नये?

याच शहरात १९२३ साली हबीब तन्वीर जन्मले. लंडनला नाट्यशिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी शहरी नट बाजूला ठेवून छत्तीसगडच्या नाचा कलावंतांना रंगमंचावर आणले. त्यांच्याच बोलीतले 'चरणदास चोर' १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात गाजले.

दुपार राखून ठेवावी ती महंत घासीदास स्मारक संग्रहालयासाठी. १८७५ साली राजनांदगावच्या राजाने ते स्थापन केले. सिरपूरला सापडलेल्या कांस्यमूर्ती ही त्याची खरी दौलत. हाताएवढ्या बुद्ध-तारांच्या मूर्ती, पण चेहऱ्यावरचा शांत भाव असा, की काचेपुढून हलावेसे वाटत नाही. संग्रहालयाच्याच आवारात 'गढकलेवा' नावाचे उपाहारगृह आहे. महिला बचतगट ते चालवतो आणि तिथे फक्त छत्तीसगडी पदार्थ मिळतात. दुपारचे जेवण इथेच करावे, अशी गृहिणींना खास शिफारस आहे. इथला 'चीला' म्हणजे आपले तांदळाचे घावन, सोबत हिरव्या मिरचीची आणि टोमॅटोची झणझणीत चटणी. 'फरा' म्हणजे भाताचे आणि पिठीचे वाफवलेले मुटके, वरून तिळाची फोडणी. 'ठेठरी' बेसनाची, कडबोळ्याच्या जातीची. 'खुरमी' गोड. आणि 'अइरसा' तोंडात टाकताच कुणीही मराठी बाई ओळखेल, कारण तो आपला अनारसाच, फक्त खसखस नाही! देहरौरी ही पाकात मुरवलेली तांदळाची मिठाई संपण्याआधी मागवावी. पोळी मात्र मागू नये. भाताच्या घरी भातच खावा.

नवी राजधानी

रायपूरच्या आग्नेयेला काही किलोमीटरवर, विमानतळाच्या पलीकडे, नवा रायपूर वसवला आहे. त्याचे आता अधिकृत नाव नवा रायपूर अटलनगर. २०१२ साली मंत्रालय तिकडे गेले. सहापदरी रस्ते, सरळ चौक, दुतर्फा हिरवळ. सारे कसे आखीव आणि रिकामे रिकामे. ऑफिस सुटले की माणसे पुन्हा जुन्या रायपूरला परततात, कारण भाजी, शाळा, डॉक्टर आणि नातेवाईक तिकडेच आहेत. राजधानी एक दिवसात जाहीर होते, शहर व्हायला पिढ्या लागतात. सत्तर वर्षांपूर्वी भिलाईही अशीच कागदावरून उतरली होती, पण तिला भट्टी होती आणि तीन पाळ्या होत्या. इथे फायली आहेत.

तरी मुलांना घेऊन जायला इथे दोन चांगल्या जागा आहेत. 'पुरखौती मुक्तांगण' २००६ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते खुले झाले. बस्तरची घरे, घोटुल, आदिवासी नृत्ये करणाऱ्या माणसाएवढ्या मूर्ती, भित्तिचित्रे. ज्यांना बस्तरपर्यंत जाणे जमणार नाही त्यांनी हे जरूर पाहावे, मात्र हे बस्तर नव्हे, बस्तरचा देखावा आहे, हे मुलांना सांगावे. दुसरी जागा नंदनवन जंगल सफारी. बंद गाडीतून फिरत वाघ, सिंह, अस्वले आणि हरणे पाहता येतात. ज्यांनी सकाळी मैत्री बाग पाहिली असेल त्यांनी ही गाळली तरी चालेल. एका दिवसात दोनदा वाघ पाहिले तर मुलांना वाघाचे अप्रूप राहत नाही.

ज्यांच्या हाती आणखी अर्धा दिवस आहे त्यांनी हे सारे सोडून थेट सिरपूरला जावे. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटर, महानदीच्या काठी. तिथले लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातले आणि विटांचे. पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ राणी वासटेने ते बांधवले. पत्नीने पतीच्या आठवणीसाठी बांधलेली आणि तेराशे-चौदाशे वर्षे उभी राहिलेली इमारत! विटांवर केलेले कोरीवकाम पाहताना ती माती आहे यावर विश्वास बसत नाही. चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच मुलखातून गेला होता.

सहल पौष पौर्णिमेला गाठता आली तर आणखी बहार. त्या दिवशी 'छेरछेरा' असतो. भात खळ्यावरून घरात आलेला असतो आणि पोरेटोरे टोपल्या-पिशव्या घेऊन दारोदार गाणी म्हणत धान्य मागतात. श्रीमंताचे पोर असो की मजुराचे, त्या दिवशी मागण्यात कमीपणा नाही आणि कुणाला रित्या हाताने परत पाठवायचे नाही. शहरात हा सण आता कॉलन्यांपुरता आणि कार्यक्रमांपुरता उरला आहे, पण दुर्गच्या आसपास चारदोन किलोमीटर आत गेले की खेड्यांत तो अजून सकाळपासून सुरू होतो. पाहुण्यांच्या गाडीपुढेही पोरे टोपली धरतात. सुटे पैसे देण्यापेक्षा एखाद्या दुकानातून पसाभर तांदूळ घेऊन ठेवावेत.

थोडे व्यवहाराचे. सोमवारी संग्रहालय आणि सफारी बंद असते, म्हणून सोमवार टाळावा. राहायला दुर्ग-भिलाईपेक्षा रायपुरात हॉटेले पुष्कळ आहेत, पण दुर्ग-भिलाईत शांतता अधिक. खरेदी करायची तर कोसा रेशमाची साडी किंवा बस्तरच्या ढोकरा कारागिरांची पितळी मूर्ती घ्यावी. दोन्ही सरकारी विक्रीकेंद्रांत घ्याव्यात, तिथे भाव करावा लागत नाही. गोलबाजारात भाव करावा लागतो, आणि तो करण्यातच गंमत आहे. हिंदी येत असेल तर अडचण नाही. छत्तीसगडीही कानाला लवकर सरावते. रात्रीच्या गाडीसाठी गढकलेव्यातून ठेठरी आणि खुरमी बांधून घ्यावी. दोन्ही कोरडे पदार्थ आहेत, चार दिवस टिकतात.